साडेतीनची जाग

पाळी त्यांची होती, जाग माझी.
एकतीस वर्षं पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटवला,
पोळ्या, वांग्याची भाजी, वर ठेचा,
आणि भोंग्याआधी डबा सायकलच्या हँडलला.
आता ते रिटायर झालेत. घोरतात.
मी साडेतीनला उठून बसते
आणि कुणाचाच डबा भरायचा नसतो.

वणीच्या दवाखान्यात मेश्राम मॅडम म्हणाल्या,
"काकू, ही गुंगीची गोळी नव्हे.
अंधार पडला की अंगात आपोआप काहीतरी झिरपतं,
अंगाला सांगतं, रात्र झाली.
तुमच्याकडे तो निरोप उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही.
गोळी म्हणजे तेवढाच निरोप.
पण अंधार तुम्हीच करायचा."

अंधार!
मला आमची खिडकी आठवली.
खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर,
त्याच्या डोक्यावर रात्रभर हॅलोजन.
बारा वाजता अंगणात बाजेची सावली पडते,
कोंबडा दोनदा आरवतो
आणि दोन्ही वेळा चुकतो.

मग खिडकीला जुनी घोंगडी ठोकली.
मोबाईल जेवणानंतर देवळीत, पालथा.
कूलरचा हिरवा दिवा, त्यावर टिकली चिकटवली.

तीन मिलिग्रॅम. आडवं व्हायच्या तासभर आधी.
तीन आठवडे, मग येऊन दाखवायचं.
औषधाच्या दुकानातल्या पोराने दहाची पट्टी पुढे केली,
"हे ष्ट्राँग हाये मावशी, एका गोळीत काम."
मी चिठ्ठी पुन्हा उलगडली.
तीन म्हणजे तीन.

तरी पहिल्याच रात्री शहाणपणा केला.
वेळेवर विसरले, साडेतीनला जाग आली तेव्हा घेतली.
सकाळी हातपंपावर घागर भरून वाहत राहिली,
मी तिच्याकडे बघत उभी.
विळीवर बोट कापलं
ते रक्त दिसल्यावर कळलं.
तेव्हापासून, वेळ गेली तर गेली. गोळी उद्याची.

पारबता कुंपणावरून म्हणाली,
"मले बी दे व एक. जीव घाबरते रातीले."
"जीव घाबरते त मॅडमले सांग. हे का फुटाणे हायेत वाटाले?"
रुसली. दोन दिवस विरजण मागायला आली नाही.
तिसऱ्या दिवशी तिला घेऊन मीच गेले वणीला,
तिचं दुखणं वेगळंच निघालं, थायरॉइडचं.

मग यांनी हात पुढे केला.
छातीत स्प्रिंग बसवलेली, रोज सकाळी रक्त पातळ करायची गोळी,
आणि म्हणे दुपारची झोप लागत नाही.
"मले काऊन नाही?"
"मॅडमले विचारल्याबिगर नाही. तुमचं रगत आधीच पातळ हाये."
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी काही मागितलं आणि मी दिलं नाही.
बरं वाटलं थोडं. खोटं कशाला बोलू.

पट्टी सगळ्यात वरच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे.
नात आली की डबाही मागे सरकवते.
पांढरी, गोल, पेपरमिंटसारखी दिसते मेली.

विसाव्या रात्री पट्टीत दोन उरल्या होत्या
आणि साडेनऊला लाईट गेली.
आमची नेहमीच जाते,
त्या रात्री खाणीचीही गेली.
डोंगर नाही, हॅलोजन नाही, डंपरचा घर्रघर्र नाही.
सगळं गाव घाबरून रस्त्यावर आलं,
कुत्री एकमेकांवर भुंकायला लागली,
कुणी म्हणालं स्फोट झाला, कुणी म्हणालं संप.
मी बाज अंगणात ओढली.
सावली पडली नाही.
गोळी घ्यायची राहिली, हे आठवलंही होतं,
पण घरात जाऊन डबा चाचपायचा कंटाळा आला.

हे म्हणतात, लाईट साडेतीनला आली.
मला काय माहीत.