विलंबमाफीचा अर्ज

नव्वद दिवसांत यायला हवं होतं, मी म्हणालो.
चारशे बारा दिवस उशीर झालाय, फुलपतिया देवी,
आणि कोर्टाला एकेका दिवसाचं कारण लागतं.

दिल्लीचा जानेवारी. हीटरची एकच कांडी लाल.
पाय वर घेऊन ती बाकावर बसली,
बोटांच्या पेरांवर मोजू लागली.

निकाल कळला तो फटाक्यांवरून.
आधी वाटलं, वरात असेल.
मग बांधापलीकडून एकेकाच्या नावाचा जयजयकार,
तेवीसच्या तेवीस.
सरकारी वकील म्हणाला, सरकार अपील करील.
त्यात रोवणी गेली, कापणी गेली.
धाकट्यानं लुधियानाहून पैसे धाडले, ते नकलेला पुरले.
नक्कल इंग्रजीत. टोल्याजवळ ती वाचणारा एकटा रामाधार मास्टर,
सुटलेल्यांतल्या दोघांचा चुलता.
चाळीस दिवस मी गेलेच नाही.
एक्केचाळिसाव्या दिवशी गेले.
त्यानं दार लावून घेतलं, सगळी वाचून दाखवली.
पाणी विचारलं नाही.

मी लिहीत होतो : गरिबी, निरक्षरता, आजारपण.
हे तीन शब्द बहुतेकदा चालतात.

ते ढिबरीचं पान कुठंय? तिनं विचारलं.
परिच्छेद सत्तेचाळीस :
अमावास्येची रात्र. अकरा खून.
औषधाच्या बाटलीत वात घालून केलेल्या दिव्याच्या उजेडात
साक्षीदाराला चेहरे ओळखता येणं संभवत नाही.
संशयाचा फायदा आरोपींना.

बाबू, तिकडं वीज आली ती आत्ता.
त्यांच्या ओसरीवर मला पाऊल टाकता येत नव्हतं,
पण बाळंतिणीच्या खोलीत मीच.
तेवीसातले नऊ या हातांवर आले.
नाळ कुठं कापायची ते ढिबरीतच दिसायचं,
कुणाच्या कानामागचा तीळ,
कुणाचं उलटं पाऊल.
आयांनी नंतर बघितलं.

हे साक्षीत का नाही सांगितलंत?

वकील म्हणाला होता, हो नाहीतर नाही, एवढंच बोल.

अपिलात नवं काही सांगता येत नाही.
मी पेनाला टोपण लावलं. काढलं.
बेरीज पुन्हा केली. सहा दिवस जुळत नव्हते.

सहा दिवस कशात गेले, आठवतं?

आठवतं की, ती म्हणाली.
लिही, फुलपतिया निजली होती.