दोन तीनला, तीन दोनला

बिडीहून साडेनऊच्या बसनं निंगव्वा आली,
इरकलीच्या पदराखाली रिसीव्हर धरून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"चार दिस झालं, नुसतं बूट बूट म्हणतंय."
खरंच. चार लाल अक्षरं, पुढं काही नाही.

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू केला.
नव्या लॅपटॉपला नऊ पिनांची ही जागाच नसते,
अख्ख्या स्टेशन रोडला हा एकटा उरलाय,
पंख्याला खरखर, पण कान शाबूत.

केबल माझ्या हातची.
दोन नंबर तीनला, तीन नंबर दोनला, पाच पाचला.
वीस वर्षांमागं पहिली केली ती सरळ जोडली होती.
दोघंही एकाच तारेवर बोलत बसले
आणि दुसरी तार कोरडी.
माझं बोट भाजलं तेवढंच.

"मावशी, नवं घातलं की जुनं सगळं पुसतंय."
ती स्टुलावर बसता बसता थांबली.
"सात, सातच ऱ्हातंय न्हवं?
त्यांनी लावून ठेवल्यालं हाय सगळं."

मष्णू घाडी. लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचा.
दिवाळीनंतर गेला.

म्हणून आधी उलटं केलं, आतलं बाहेर ओढलं.
सहा मिनिटं. फाईल उघडली:
शून्यं, कचरा, मुंग्यांची रांग,
आणि मधेच रोमनमध्ये
रिमोटनं एकेक अक्षर दाबून लिहिलेली नावं.
चॅनेलांची खरी नावं त्यानं काढून टाकलेली.
सात: ऊटा. जेवणवेळी लावत असतील.
बारा: मळी. पावसाचं सांगतात ते.
एकोणीस: निद्दी, त्यात एक डी कमी.
एकतीस: ओत्तब्याड.
म्हणजे, दाबू नको.

ह्याच स्टुलावर बसून
कानडी पाट्यांना शिव्या घालायचा मष्णू.
आणि निंगव्वाला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत.
मग हे कुणासाठी?
विचारलं नाही. तीनला लाईट जाते.

रिसीव्हर बंद. फाईल निवडली.
आधी इकडं स्टार्ट, मग तिकडचं बटण,
क्रम चुकला तर त्याला हाक ऐकूच जात नाही.
गेली. एक लाख पंधरा हजार दोनशेच्या वेगानं
दोघं बोलायला लागले.
अठरा टक्के. तेवीस.
आता लाईट गेली तर नवं पुरतं आलेलं नसेल
आणि जुनं गेलेलं असेल.
तसले तीन डबे आहेत माझ्याकडं,
त्यांच्यावर मी खिळे ठेवतो.

निंगव्वा पट्टीकडं बघत नव्हती,
दारातून खांबाकडं बघत होती.
एकसष्टला ट्यूबलाईट मिचकली.
"यव्वा," ती म्हणाली.
मीपण तेच म्हणालो.

शंभर.

गच्चीवरच्या डिशची वायर लावली.
चॅनेलं आली, नावं काही आली नाहीत,
नव्या सॉफ्टवेअरला जुनी यादी पटेना.
मग रिमोट घेतला आणि बसलो,
वर, खाली, डावीकडं, ओके,
एकेक अक्षर,
निद्दीतला डी कमीच ठेवून.
गिऱ्हाईक येऊन परत गेलं एक.

सगळं झाल्यावर रिमोट तिच्या हातात दिला.
तिनं सात दाबला नाही.
अंगठा जरा घुटमळला.
तीन.
मग एक.