कोरा नमुना

भांडेवाडीला नमुना घ्यायचा तर बाटली काचेचीच.
चारशे अंशावर रात्रभर भाजलेली,
झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद.
हातमोजे नकोत, क्रीम नको, अत्तर तर नकोच.
सुकेशिनीने प्लास्टिकच्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या,
मग लक्षात आलं, पर्स रेक्झिनची.

जे शोधायचंय ते सगळीकडे आहे,
एवढीच या कामातली अडचण.

थॅलेट. प्लास्टिकला मऊ करणारं.
ते त्यात बांधलेलं नसतं, भाडेकरूसारखं राहतं
आणि न सांगता खोली सोडतं.
बाबांची चप्पल तिसऱ्या वर्षी कडक होऊन टचकन तुटली,
तेव्हा तिचा मऊपणा कुठे गेला
हे घरात कुणी विचारलं नाही.
बागेची नळी, रेनकोट, बाहुलीचा गाल,
नंदनवनातल्या मोऱ्या, सक्करदऱ्यातल्या मोऱ्या,
नाग नदी.

टाकीत हवा बुडबुडते.
जिवाणू त्याला कुरतडतात, आधी शेपट्या, मग कडं.
आखूड शेपटीचं लवकर संपतं.
लांब शेपटीचं चिवट, गाळाला धरून बसतं.
कागदावर पाणी पास.

"निंगालं ना मॅडम?" ऑपरेटर डोमाजी विचारतो.
पाण्यातून निघालं.
"मंग गेलं कुठी?"
ती गाळ वाळवायच्या वाफ्यांकडे बघते.
तिथे ट्रॉली लागलीय,
कुणाच्या तरी वांग्यांसाठी.

संध्याकाळी यंत्र रेघ काढतं.
येणारं पाणी: उंच सुळका. जाणारं: बुटका.
आणि कोरा नमुना, ज्यात काहीच नको,
नुसतं शुद्ध पाणी, तिने स्वतः भरलेलं,
तिथेही एक टेंगूळ.
छोटं. नेमकं त्याच मिनिटाला.
बाटली पुन्हा भाजली. पुन्हा टेंगूळ.
तिसऱ्यांदाही.

वजा करायचं असतं ते, नियम आहे.
आपल्याकडून आलेलं आपण वजा करतो
आणि उरलेलं नदीच्या नावावर लिहितो.

दारात डोमाजी.
चहा आणलाय पन्नीत, गाठ मारून,
इतका कढत
की पन्नी बोटांना जास्तच मऊ लागते.
"घ्या ना मॅडम, थंडा होईन."

ती काचेचा पेला शोधते.
सगळे भट्टीत आहेत.