लाल रेघ

अंगणवाडीच्या नलूताईंनी शर्वीला बंडी घातली,
छातीवर खिसा, खिशात काडेपेटीएवढं यंत्र.
"दिवसभर राहू दे अंगावर. घरात कोण किती बोलतं,
पोरीला उत्तर देता का, तेवढंच मोजतं ते."
आंघोळीपुरती काढायची.

पहिले दोन तास मी यंत्राशीच बोलले.
हा बघ कांदा. हा बघ चमचा. किती छान कांदा.
शर्वी माझ्याकडे बघत राहिली
परक्या घरी आल्यासारखी.
मग दूध उतू गेलं, आणि मी विसरले.

पंधरवड्यानं कागद आला, रंगीत.
आईचे शब्द भरपूर, पण बहुतेक हुकूम.
ऊठ, गप, नको, थांब, सांडशील.
ते खरंय. त्यावर मी काही बोलले नाही.
वडील: बावीस मिनिटं. सगळी लाल.
"लाल म्हणजे रागाचा आवाज," नलूताई हळूच म्हणाल्या,
कपातल्या चहाकडे बघत.

दिगंबरनं कागद उलटासुलटा केला.
"कधीची ही?"
मंगळवार, संध्याकाळी सात चाळीस.
तेव्हा तो तिला सांगत होता
कारखान्यात बॉबिनच्या पेटीत मांजर व्यालीय,
तीन पिल्लं, त्यातलं एक पांढरं.

सोळा वर्षं बारा-बारा तास
मागांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस
मांजराचं पिल्लूसुद्धा
विट्याच्या स्टँडवर ऐकू जाईल असं सांगतो.
खटखट यंत्राला ऐकू आली नसेल.
ती त्याच्या कानातच चालू असते,
सुट्टीच्या दिवशीपण.

त्या रात्री त्यानं आवाज बारीक केला.
तिच्या उशाशी बसून, जवळजवळ चोरून,
म्हणाला, पांढऱ्याचे डोळे उघडले आज.
शर्वी उठून बसली.
त्याच्या कपाळाला हात लावला.
"बाबा, ताप आलाय?"

त्याला ऐकू गेलं नाही.
तो तसाच कुजबुजत राहिला,
शेपटी, मिशा, दुधाची बशी.

मग तिनं दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरली,
तोंड आपल्याकडे वळवलं,
आणि ओठ मोठे करून, आवाज न काढता,
एकेक अक्षर सुटं करून विचारलं पुन्हा.

मागाशेजारी बायका अशाच बोलतात.
मला शिकायला लग्नानंतर वर्ष लागलं होतं.
हिला कुणी शिकवलं, माहीत नाही.

त्यानं मान हलवली. ताप नाही.

बंडी खुंटीला होती.
खिसा रिकामा.
नलूताई सोमवारी परत येणार आहेत,
सुधारणा बघायला.