चार हजारांच्या पुढे

तांबट आळीत कान मोजायला गेलो,
तर यंत्राने आधी आळीच मोजली:
त्र्याण्णव, सत्त्याण्णव, एकशे एक.
शांत खोली म्हणून काही तिथे नव्हतंच.
शेवटी वडक्यांच्या माळ्यावर
चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला,
आणि सुट्टीच्या दिवशी, हातोडे आडवे पडलेले असताना,
भालचंद्र वडके, वय एकसष्ट,
यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला.
"आवाज आला की बटण दाबा."

अडीचशेला दाबलं. पाचशेला दाबलं.
हजाराला जरा हसून.
दोन हजारांना मान तिरकी केली.
चार हजारांना मी आवाज चढवत गेलो,
चाळीस, पन्नास, साठ,
आणि ते समोर बघत बसले
एसटी चुकलेल्या माणसासारखे.

मग मी काहीच वाजवलं नाही.
चाचणीत असा रिकामा वेळ ठेवावा लागतो.
त्या रिकाम्या वेळात त्यांनी बटण दाबलं.
पुन्हा दाबलं. दोन ठोके, थांबा, दोन ठोके,
घागरीचा गळा मठारताना देतात तसे.
नोंदवहीत याला रकाना आहे: चुकीचा प्रतिसाद.
काय ऐकू आलं, मी विचारलं.
"ते काय, आळी," म्हणाले.
"रात्रीची पण बंद नसते."

कानाच्या आत एक शंख असतो,
उंच स्वर त्याच्या दाराशी राहतात.
दाराशी राहणाऱ्यांना मार आधी.
त्यांची घरं रिकामी झाली की
मेंदू तिथे आपलीच माणसं बसवतो,
असं आमच्या प्रस्तावात लिहिलंय, पान सात,
बऱ्याच अवघड शब्दांत.
वडक्यांकडे त्याचा पुरावा सोपा होता:
नातीचं नाव श्रेयसी. ती जिन्यातून ओरडून सांगते.
यांच्यापर्यंत पोचते रेई.

दुसरा अर्धा प्रकल्प डोळ्यांचा.
रंगीत ठिपक्यांची पानं, ठिपक्यांत लपलेला आकडा.
त्यांनी धडाधड वाचले, चष्म्याशिवाय.
मी बरोबरची खूण करत गेलो.
नवव्या पानावर ते थांबले.
"तुम्ही पान बघतच नाही. माझं तोंड बघताय."

उत्तरं मला पाठ आहेत.
पाठ करावी लागली.
मला त्या पानांवर ठिपके दिसतात, नुसते ठिपके.
लहानपणी पिंपळगावच्या बाजारात
कच्चे टोमॅटो पिकल्या क्रेटमध्ये जायचे माझ्या हातून;
वडील म्हणायचे, पोराचं लक्ष नाही.
लक्ष होतं. सगळं लक्ष तिथेच होतं.

वडक्यांनी कोनाड्यातून एक जुनी तपेली काढली,
माझ्या हातात दिली.
"कळंक कुठे चढलाय, सांगा."
मी फिरवून बघितली. काठाखाली, बुडाशी, कानाजवळ.
सगळीकडे तोच एक मातकट रंग.
अंगठ्याने चाचपलं, एका जागी खरखर लागली.
"इथे."
"तिथे पोचा आहे," ते म्हणाले. हसले नाहीत.
तपेली परत घेऊन धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

हे कुठल्या रकान्यात लिहू?
तपासणाऱ्याला रकाना नसतो.

खाली गल्लीच्या तोंडाशी उंबरावर
टुक, टुक, टुक सुरू झालं.
मला उशिरा कळलं, त्यांची मान आधी वळली.
तांबट पक्षी. त्याचा ठोका हजाराच्या आसपास,
त्या गल्लीत अजून वस्ती आहे.
खिडकीवरची गोधडी त्यांनी बाजूला केली.
"तो बघा. हिरव्यात हिरवा,
पण कपाळाला लालभडक कुंकू. लपतोय कुठला."

त्यांच्या बोटाच्या रेषेत मी बघत राहिलो.
पानं. उंबराची पानं, आणि पुन्हा पानं.
त्यांचं बोट हललं नाही.
मग त्यातलं एक पान
ठोक्यागणिक फुगायला लागलं, गळ्यासारखं.

"दिसला," मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला.
"काय दिला?"