दीड मिनिट

कळमन्याच्या मिरची यार्डात, फेब्रुवारी संपता संपता,
रात्री पावणेतीनला वजनकाट्याचं मशीन उठेना.
फाटकापासून रिंगरोडपर्यंत गाड्या, ताडपत्र्या घट्ट,
चाकाशी निजलेलं एक कुत्रं
झोपेतच शिंकलं.

मी पोचले तेव्हा पडद्यावर
तीन लाल चांदण्या इकडून तिकडे फिरत होत्या,
शेजारी सेकंद: चाळीस, एक्केचाळीस.
नव्वदपर्यंत थांबायची त्याची रीत.
मग चिडत नाही, एवढंच सांगतो
की ज्याच्यावर विसंबलो ते आलं नाही,
आता आणीबाणी,
रूटचा पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबून पुढे जा.
कंट्रोल-डी दाबून पुढे गेलेलं मी कुणी पाहिलं नाही.
उईकेनं तीनदा दाबलं होतं.

"मॅडम, हा कोनाची वाट पाहून रायला?"
मफलरीतून विचारतो.
बघते, म्हणाले.
लॉग उघडला, खाली गेले, आणखी खाली,
तिथं छत्तीस खुणांचं एक नाव, पत्रिकेसारखं लांब,
आणि त्यापुढे: मुदत संपली.
घरात कोण कोण आहे, मशीनला विचारलं.
दोन डिस्क हजर.
तिसरीच्या नावाची हाक गेली, ओ नाही.

"ते डब्बी तर तुमीच नेली ना दुपारी,
टिफिनच्या पिशवीत."

नेली. टकटक करत होती म्हणून.
इंदोऱ्याला, आमच्या फ्रिजवर आहे.
डिस्क काढली, यादीतली ओळ काढायची राहिली.

एफएसटॅब नावाचा हा कागद. रोज उठल्यावर
मशीन आधी हाच वाचतं, मग डोळे उघडतं.
पहिल्या रकान्यात कोण. दुसऱ्यात कुठं बसणार.
तिसऱ्यात जात.
(तीही लागते. चुकली तर आत घेत नाही.
अडत्यांच्या गादीवर मी खोब्रागडे म्हटल्यावर
जेवढी शांतता पडते, तेवढ्यात
हा निदान चूक छापून देतो.)
चौथ्यात अटी. मग दोन आकडे, त्यांचं कुणी बघत नाही.

ओळीच्या डोक्यावर पौनीकर सरांची टीप:
हात लावू नये.
सर गेले मागच्या मे महिन्यात.
डिस्क त्यांनी स्वतःच्या पैशानं आणली होती,
अकरा मोसम मिरचीचा धुरळा खाल्ला तिनं.

हात लावायला गेले तर लावता येईना.
रूट नुसता वाचण्यापुरता उघडा:
पाहा, लिहू नका.
पुन्हा माउंट केला, लिहिण्याच्या हक्कासकट.
ती आज्ञा मी जरा जोरातच टाइप केली.

खोडून टाकावी?
की पुढे एक जाळी काढावी,
म्हणजे मशीन वाचणार नाही, माणसं वाचतील?
कर्सर लुकलुकत राहिला. मला दोन शिंका आल्या.
चौथ्या रकान्यात, स्वल्पविराम देऊन, लिहिलं: नोफेल.
म्हणजे आली तर पाट मांड,
नाही आली तर उपाशी बसू नको.
आणि थांबायची मुदत नव्वदाची पाच केली.
शून्य नाही. शून्य लिहिलं की
हा जन्मभर थांबतो. सरांनीच शिकवलं होतं.

सगळं माउंट करून पाहिलं. काही बोललं नाही.
या कामात गप्प म्हणजे बरं.
रीबूट.
चांदण्या फिरल्या. मी मोजलं नाही, पण पाचच असतील.
मग लॉगिन.

भिवापूरची गाडी काट्यावर चढली,
पत्रा धडधडला, प्रिंटर खरडू लागला,
ड्रायव्हर पावतीसाठी हात लांब करून अर्धा झोपेत.

"मंग कोनाची वाट पाहत होता तो?"
पौनीकर सरांच्या डिस्कची, म्हणाले.
"सर बी कुठं टायमावर येत होते,"
उईके बोलला,
आणि मागच्या गाडीच्या चाकाखालचा दगड काढायला गेला.