साडेतीन हजारांच्या खाली

सातपूरच्या शेडमध्ये बॉनेट उघडं.
आठ सिलिंडर, चार लिटर,
वर मुंबईहून बसवून आणलेले मोठे टर्बो.
बिपिनशेठ म्हणतात, घाटात जीव सोडते हो.
गांगुर्डे मिस्त्री नुसतं पुसत राहतात हात.

पहाटे त्र्यंबक रोडला, महिरावणीच्या पुढे,
मला शेजारी बसवून त्यांनी
तिसऱ्यात ठेवली गाडी आणि पाय दाबला.
साडेतीन हजारांच्या खाली काटा मुका.
पाय आणि चाकामध्ये एक पोकळी,
शिंक येता येता राहावी तेवढी.
मग पाठीत गुद्दा,
अंजनेरी एकदम अंगावर.

"पोट मोठं. भूकही मोठी.
पण हाकेला ओ द्यायला वेळ लावते.
टॉर्क म्हणजे काय रे, डिप्लोमावाले?"
मी पुस्तकातलं बोललो. बल गुणिले अंतर.
"ओढ," ते म्हणाले.
"वेग काय, उतारावर धोंड्यालाही असतो."

दुसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची काढली:
तेराशे सीसी, डावं दार सुतळीने बांधलेलं.
आंबोलीच्या वळणात
मनात आलं न आलं, तोच वळली.
सरळ रस्त्यावर मात्र
एका दुधाच्या टेम्पोने आम्हाला मागे टाकलं.
मिस्त्रींनी त्याला हात केला.

शेठना सांगितलं, टर्बो लहान करा.
शेठ म्हणाले, त्यापेक्षा इंजिन मोठं टाकू?
मिस्त्री गाडीखाली सरकले.
तिथूनच ओरडले,
"बारा-तेराचा पाना!"

ओ मी लगेच दिली.
पाना अजून शोधतोय.